चष्म्याच्या दुकानातली भेट

९ जानेवारी

ही डायरी ह्यांच्या नावाने आली. बर्फाच्या कारखान्यातून दरवर्षी एक डायरी आणि एक कॅलेंडर येतं. हे निवृत्त झाले तरी ते यायचं थांबलं नाही. आणणाऱ्या माणसाला दारात आल्यावरच आठवलं असावं. त्याने पिशवी पुढे केली, मागे घेतली, पुन्हा पुढे केली. मी म्हटलं, द्या, वाया कशाला घालवता. तो पाणीही न पिता गेला.

हे डायरीत कधी काही लिहीत नसत. ज्याला बोलायला माणूस मिळतो तो कागदाच्या नादी कशाला लागेल, म्हणायचे. मला बोलणं जमत नाही, तर लिहून पाहते. तशी लिहिण्याचीही सवय नाही. दुकानात चिठ्ठीवर नंबर लिहायचा, उजवा, डावा, एवढंच काय ते.

हे जाऊन तीन महिने होत आले. रडू येत नाही. नुसतं दमायला होतं. जिना चढून आले की दारातल्या पहिल्या खुर्चीत बसते आणि चपला तशाच पायात राहतात. लेक म्हणते, आई, निदान पिशवी तरी खाली ठेव. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. मग दमणूक कसली, ते त्यांनाही सांगता येईना.

१३ जानेवारी

भावजी आले होते, कारखान्यातल्या दोघांना घेऊन. दोन फेब्रुवारीला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ह्यांच्या आठवणींसाठी सगळे जमणार आहेत. मी पुढच्या रांगेत बसायचं, असं ठरवूनच आले होते.

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. बोलणं तेच, फक्त ब्रेक नाही. चहा येईपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला आणि गोष्ट काढली. आमच्या पहिल्या भेटीची गोष्ट ऐकली नाही असा माणूस ह्यांच्या ओळखीत सापडायचा नाही. तरी इथे लिहिते.

हे तरुणपणी डोळे चुरचुरतात म्हणून चष्म्याच्या दुकानात जातात. पांढरा कोट घातलेली एक मुलगी छडी घेऊन अक्षरांच्या तक्त्याशी उभी असते. पहिली ओळ वाचा म्हणते, हे वाचतात. दुसरी वाचा, वाचतात. तिसरीला अडतात. दिसत नाही का, ती विचारते. हे म्हणतात, “कसं दिसणार? मध्ये तुम्ही आहात.” इथे थांबून हे माझ्याकडे बघायचे. मग मी म्हणायचं, “पुढची ओळ वाचा.” आणि लोक हसून बेजार व्हायचे.

गोष्टीत माझं काम एवढंच. कोणाचा निरोपसमारंभ असो, घरी चार पाहुणे असोत, माझी ओळ मी कधी चुकवली नाही. त्या एका ओळीवर लोक मला विनोदी समजतात.

भावजी त्या काळात शिकायला बाहेरगावी होते. तरी आताशा सांगताना ते स्वतःला दुकानाबाहेर सायकल धरून उभं करतात. आज ते त्या जागेवर येऊन थांबले आणि तिघेही माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, पुढची ओळ वाचा. ते हसले, मग हसलो म्हणून ओशाळले, आणि बशीतल्या बिस्किटांकडे बघत बसले.

१४ जानेवारी

पुन्हा दुकानात जायला लागले, अर्धा दिवस. आता नंबर मशीन काढतं. हनुवटी टेकवायची, आत बघायचं, झालं. एक नवी मुलगी ते चालवते. माझ्याकडे फ्रेमचं काम. तापलेल्या वाळूत काडी मऊ करायची आणि माणसाच्या कानाप्रमाणे वाकवायची. छोटे मालक म्हणाले, सावकाश या, घाई नाही. त्यांच्या डोक्यावर एक केस राहिलेला नाही, तरी छोटे मालकच.

काम बरं आहे. गिऱ्हाईक फक्त घट्ट आणि सैल एवढंच बोलतं.

१९ जानेवारी

लेकीने आज जेवताना सांगितलं. तिच्या ऑफिसात, पाणीपुरवठ्याच्या, नकाशे काढणारा एक जण आहे. त्याने तिला विचारलंय. त्याची बदली झाली आहे, लांब, रात्रभराच्या प्रवासाइतकी. सहा तारखेला तो तिथे रुजू होणार, त्याच्या आत उत्तर द्यायचं. तिलाही तिकडच्या ऑफिसात जागा मिळू शकते.

मी विचारलं, माणूस कसा आहे? म्हणाली, चांगला आहे. ऑफिसात सगळे घुम्या म्हणतात. मीही म्हणते. रागवत नाही. बोलतच नाही तर रागावणार कसा?

मग अडलं कुठे, असं विचारलं. तिने भात चिवडत भेटीचं सांगितलं. झेरॉक्सपाशी रांग होती. ही म्हणाली, तुमची किती पानं? तो म्हणाला, दोन. ही म्हणाली, माझा हा एवढा गठ्ठा आहे. तो म्हणाला, घ्या मग. आणि ती सगळी पानं होईपर्यंत आपली दोन हातात धरून उभा राहिला.

“झालं. ही आमची पहिली भेट,” ती म्हणाली. “बाबांची गोष्ट ऐकत मी मोठी झाले, आणि माझ्या वाट्याला काय, तर झेरॉक्सची रांग.”

लेक चौतिशीची आहे. लहानपणी ह्यांच्या मांडीवर बसून ती ही गोष्ट ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणायची. मी ताक वाढलं.

२१ जानेवारी

दुपारी निजले ती दिवेलागणीला उठले. अंगात मणभर ओझं. स्वयंपाक लेकीने केला होता. माझ्या औषधांच्या गोळ्याही तिने डबीत वारांप्रमाणे घालून ठेवल्या. मी म्हटलं, मला येतं ते. म्हणाली, माहीत आहे गं.

२५ जानेवारी

लेक घुम्याला घरी घेऊन आली. उंच आहे, दारात वाकला, तेवढी गरज नव्हती. ह्यांच्या फोटोपुढे उभा राहिला. मग अर्धा तास खुर्चीच्या कडेवर बसून होता. विचारलेल्याला हो किंवा नाही. भावजी असते तर त्यांना चक्कर आली असती.

मग एकदम विचारलं, दवाखाना इथून लांब आहे का. मी म्हटलं, चौकात आहे, चालत जाता येतं. थोड्या वेळाने, शेजारी चांगले आहेत का. म्हटलं, आहेत. दोन्हीकडचे का. म्हटलं, एका बाजूला जिना आहे. त्यावर मान हलवून तो बराच वेळ जिन्याकडच्या भिंतीकडे बघत राहिला. तेवढ्यात लेकीने कपबशा उचलल्या आणि बोलणं तिथेच तुटलं.

मला वाटलं, हा घर भाड्याने शोधतोय की काय. आणि दवाखान्याचं विचारलं म्हणजे काही दुखणं असणार. लेकीला सांगायला हवं, आधी नीट चौकशी कर.

जाताना दारात म्हणाला, “तुमची गोष्ट ऐकलीय मी. मला तसं नाही जमणार.”

मी म्हटलं, जमायलाच पाहिजे असं काही नाही. लेकीने माझ्याकडे वळून पाहिलं. मी आत गेले.

२६ जानेवारी

काल असं का म्हणाले, ते डोक्यातून जात नाही. एकदा लिहूनच टाकते. खरं काय झालं ते आता मला एकटीलाच माहीत आहे.

मी दुकानात नवी होते. जुने मालक जेवायला गेले होते. एक शिंपी आले, बरोबर मुलगा. शिंप्याला खुर्चीत बसवलं. मी पलीकडच्या भिंतीशी, तक्त्याजवळ छडी घेऊन. मुलगा बापाच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. शिंप्यांनी झरझर वाचलं, जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत. मला कौतुक वाटलं, या वयात एवढी नजर. अगदी हलका नंबर लिहून दिला.

चष्मा गेला आणि काही दिवसांनी तक्रार आली. शिंप्यांनी कोणाच्या कोटाची बाही उलटी शिवली होती. जुने मालक चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाले, नंबर काढलास की सोडत? तेवढ्यात शिंप्यांचा मुलगा आला. एकटाच. म्हणाला, “त्यांची चूक नाही. मी मागून सांगत होतो.”

मालकांनी विचारलं, का? तो म्हणाला, “ते घाबरले होते.”

बस, एवढंच. काम जाईल म्हणून शिंपी घाबरले होते, हे मला मागाहून समजलं.

मालकांनी बापाला परत आणायला लावलं आणि ह्याला दुकानाबाहेर पायरीवर बसवलं. हा पाठ करून बसला. तो मुलगा म्हणजे हे. त्या दिवसाचा ह्यांचा चेहरा मला आठवत नाही. काचेच्या दारातून दिसणारी पाठ आठवते. रात्रपाळीहून आले असावेत, शर्ट चुरगळलेला होता आणि मान पुढे पडत होती. झोप येत होती, पण झोपले नाहीत.

आत शिंप्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या. तिसरीला थांबले. मी वाट पाहिली. ते हळूच म्हणाले, “बाई, मुलाला सांगू नका.” मी मान हलवली. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, कितपत आहे? मी म्हटलं, होईल नीट. हे बापाच्या हाताला धरून निघून गेले. मग चष्मा न्यायला आले, मग काडी टोचते म्हणून, मग उगाच. पुढचं सगळ्यांसारखंच.

लग्नानंतर मामंजी शेवटपर्यंत आमच्याकडेच होते. जाड चष्मा लावून, आधी हाताने चाचपून, मग डोळ्यांनी बघून, बरीच वर्षं शिवत राहिले. पायरीवर बसलेल्या ह्यांना मी जे सांगितलं नाही, ते नंतरही कधी सांगितलं नाही.

यात गोष्ट म्हणून सांगण्यासारखं काही नाही. मामंजींना घेऊन आले होते ते सोडून हे स्वतःलाच खुर्चीत का बसवायचे, मला कधी कळलं नाही. लोकांना हसवायची हौस, दुसरं काय.

२ फेब्रुवारी

कॅन्टीन भरलं होतं. एका जुन्या फोरमननी सांगितलं, रात्रपाळीत हात बधिर झाले की आम्ही ह्यांना बोलायला लावायचो, ऊब यायची. चांगलं बोलले. मग भावजी. या वेळी सायकलला घंटीही होती. त्या जागेवर येऊन ते थांबले आणि सगळं कॅन्टीन माझ्याकडे वळलं. मी माझी ओळ म्हटली. माझ्या माणसाची गोष्ट मी त्याच्याच लोकांत अर्धवट कशी ठेवणार?

परत येताना मी आणि लेक बसथांब्यावर बसलो होतो. ऊन उतरलं होतं. ती म्हणाली, “आई, मी उद्या घुम्याला नाही म्हणून सांगणार आहे.”

मी विचारलं, का?

“आज पुन्हा ऐकलं ना. आयुष्यभर पुरेल असं काहीतरी लागतं माणसाला. आमच्याकडे तसं काही नाही.”

कशी सुरुवात केली ते आठवत नाही. पण सांगितलं. शिंपी, मागून सांगितलेली अक्षरं, उलटी बाही, पायरी. फक्त मामंजी मला जे म्हणाले तेवढं सोडलं. सांगताना ह्यांचा विश्वासघात करते आहे असं वाटत होतं. लेकीचा बाप गेलाच आहे, आता बापाची गोष्टही मी काढून घेते आहे, असंही वाटत होतं. पण एका चांगल्या माणसाला ती त्या गोष्टीपायी नाही म्हणणार, हे मला बघवेना.

“म्हणजे सगळं खोटं होतं,” ती म्हणाली.

“खोटं नाही. खुर्चीत हे नव्हते, एवढंच.”

“मग बाबा तसं का सांगायचे?”

“आजोबा समोर बसलेले असायचे ना. त्यांच्यासमोर खरं कसं सांगणार?” माझ्या तोंडून आपसूक निघालं.

“आणि आजोबा काय करायचे तेव्हा?”

“हसायचे. सगळ्यांत जास्त तेच हसायचे.”

यावर ती रडायला लागली. बाप गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. शेजारी उभी असलेली बाई दोन पावलं सरकली. मला काही कळेना. मी बापाचा खोटेपणा सांगत होते, त्यात रडण्यासारखं काय होतं? वाटलं, उगाच बोलले. न बोलण्याची सवय होती तीच बरी.

डोळे पुसून ती म्हणाली, “झेरॉक्सचं काही नव्हतं गं, आई.”

म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाली, काही नाही, बस आली.

३ फेब्रुवारी

लेकीने त्याला अजून काही सांगितलेलं नाही. होही नाही, नाहीही नाही. सकाळी माझ्या डब्यात पोळी घालताना दोनदा मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, तू दुपारी एकटी असतेस तेव्हा नीट जेवतेस ना?

भावजींचा फोन आला. म्हणाले, वहिनी, तुमची ओळ मागच्या रांगेत ऐकूच गेली नाही. पुढच्या वेळी जरा आवाज चढवा. पुढच्या वेळी म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही.

४ फेब्रुवारी

दुकानात वाळू ढवळत होते. एका म्हाताऱ्या बाईंची फ्रेम होती. बरोबर कोणी नव्हतं. मी सहज विचारलं, घर लांब आहे का, कोणी न्यायला येणार आहे का? विचारलं आणि हात थांबला.

त्या घुम्याला काही दुखणं नाही. दवाखाना त्याला स्वतःसाठी नको होता. शेजारीही त्याला स्वतःसाठी नको होते. त्या दोघांचं याच्यावर बोलणं झालेलं असणार. म्हणून तो तसा जिन्याकडच्या भिंतीकडे बघत बसला होता, आणि म्हणूनच लेकीने घाईने कपबशा उचलल्या.

रांग, बाबांची गोष्ट, हे सगळं पुढे उभं केलेलं. मागे मी होते. ती नाही म्हणणार होती ती माझ्यापायी, आणि मला ते कळू नये म्हणून बोल बिचाऱ्या त्याला लावत होती.

काडी जास्त तापली आणि वाकडी झाली. बाईंना म्हटलं, जरा बसा, दुसरी लावते.

५ फेब्रुवारी

दिवसभर विचार केला. माझी काळजी करू नकोस, तू जा, असं म्हटलं असतं तर ती मुळीच गेली नसती. लहानपणापासून अशीच. नको म्हटलं की हमखास हात घालणार.

ती ऑफिसातून आली तशी मी म्हटलं, बरं झालं आलीस, एक सांगायचंय, पण रागवू नकोस. ती घाबरून खुर्चीत बसली. मी म्हटलं, छोट्या मालकांनी मला पूर्ण दिवस बोलावलंय. ती मशीनवाली मुलगी फ्रेमला हात लावते आणि काडी मोडते. कालच एक मोडली. मालक अगदी रडकुंडीला आलेत.

ती म्हणाली, झेपेल तुला? मी म्हटलं, बसूनच तर काम आहे. आणि दुसरं म्हणजे तुझी काकू. ती म्हणते, मी संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसत जाईन, कधी मुक्कामालाही राहीन. तिच्या घरी भावजी निवृत्त झालेत. सकाळपासून बोलतात. परवा म्हणे ती आंघोळीला गेली तर दाराबाहेर उभे राहून सायकलचं सांगत होते. ती म्हणाली, वहिनी, माझे कान वाचवा. हे मी जाऊबाईंच्या आवाजात म्हटलं. कसं जमलं, माहीत नाही.

“काकू काकांना सोडून येणार?”

“कानांपुरती. म्हणून म्हणते, तुझं कपाट जरा रिकामं करून दे. तिला कपडे ठेवायला जागा लागेल.”

लेक हसली. एवढं मोकळं हसणं या घरात बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी नजर काढून घेतली नाही. ह्यांच्याकडे बघून बघून एवढं आलं असावं.

“आई, तू हे कधी शिकलीस?”

“काय?”

“काही नाही,” ती म्हणाली.

गॅलरीत जाऊन तिने फोन लावला. मला एका बाजूचंच ऐकू येत होतं. हो. हो म्हणतेय ना. अरे, हो. मग म्हणाली, आता तू पण काहीतरी बोल.

तो काय बोलला ते कळलं नाही. पण ती कठड्याला टेकून बराच वेळ ऐकत होती.

नंतर तिने खरंच कपाट आवरायला घेतलं. मी पलंगावर बसून तिच्या साड्यांच्या घड्या घालत होते. दमले होते, पण उठून गेले नाही.

उद्या लवकर उठायला हवं. दुकान उघडायच्या आत छोट्या मालकांना गाठून विचारायला हवं, पूर्ण दिवस यायला जमेल का म्हणून. आणि जाऊबाईंना फोन करायला हवा, लेकीने करण्याआधी.